कंपवाताच्या रुग्णाला संशोधनात बोलावलं तर? सही करण्याआधी घरच्यांनी काय विचारायचं

दारव्हा : पऱ्हाटीच्या वावरात तीस वर्षं फवारणीचा पंप वागवलेला हात. आधी उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला, मग अख्खा हात. शर्टाच्या गुंड्या लावायला दहा मिनिटं लागायला लागली. चालताना पाय घासत जायचे. गावात कोणी म्हणालं वय झालं, कोणी म्हणालं अंगात वारं शिरलं. तालुक्यातल्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं, तेव्हा आजाराचं नाव कळलं : पार्किन्सन, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात तो.

दारव्हा तालुक्यातल्या एका ६१ वर्षांच्या शेतकऱ्याच्या घरची ही गोष्ट. गोळ्या सुरू झाल्या, फरकही पडला. दोन वर्षांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, या आजारावर एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू आहे. भाग घ्याल का? नाही म्हटलं तरी चालतं."

घरी आल्यावर वाद पेटला. मुलगा म्हणाला, "बाबावर प्रयोग करतील. उद्या काही झालं तं कोण पाहील?" आई म्हणाली, "औषध फुकट भेटते म्हणतात, घेऊन टाका." सून गावातच आशा स्वयंसेविका आहे. तिने डॉक्टरांनी दिलेलं माहितीपत्रक पिशवीतून काढलं आणि म्हणाली, "आधी हे वाचू. मग भांडू."

हा प्रश्न एका घरापुरता नाही. आपल्या भागातले कंपवात, मिरगी, अर्धांगवायू, विसरभोळेपणाचा आजार असे मेंदूचे आजार असलेले रुग्ण नागपूर, सेवाग्राम, मुंबई, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यांत जातात. तिथे संशोधनही चालतं आणि कधी ना कधी हा प्रश्न समोर येतो. घाबरून पळण्यात अर्थ नाही, आणि न वाचता अंगठा देण्यातही नाही.

आधी आजार समजून घ्या

मेंदूच्या आत खोलवर काही पेशी असतात. त्या डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हातपाय ठरवल्याप्रमाणे हलावेत यासाठी ते लागतं. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरायला लागतो तोपर्यंत त्यातल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. वास न येणं, जुनी बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं ही लक्षणं तर काही जणांत थरथर सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी दिसतात. प्रत्येक रुग्णाचा हात थरथरतोच असं नाही. काहींना फक्त आखडलेपणा आणि मंदपणा असतो.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं. खरं उपयोगी औषध यायला पुढची दीडशे वर्षं लागली. १९६० च्या दशकाच्या शेवटी लेव्होडोपा हे औषध आलं, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालायला लागली. आजही हेच मुख्य औषध आहे. आपल्या रानात, कुंपणाला उगवणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत हेच लेव्होडोपा असतं, हे भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच दाखवलं होतं. म्हणून कोणी घरच्या घरी बिया कुटून खाऊ नका. त्यात किती मात्रा गेली ते कळत नाही, आणि चालू गोळीसोबत ती जास्त होऊ शकते.

पण लेव्होडोपा फक्त लक्षणं कमी करतं. पेशींचं मरणं थांबवेल असं पक्कं सिद्ध झालेलं औषध अजून जगात कुठेच नाही. ते शोधायचं तर कोणत्या ना कोणत्या रुग्णाला पुढे यावंच लागतं. आज आपण जी गोळी खातो, तीसुद्धा कधीतरी अनोळखी रुग्णांनी आपल्या अंगावर घेऊन पाहिली, म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचली.

संशोधन म्हणजे फक्त नवी गोळी नाही

लोकांना वाटतं संशोधन म्हणजे सुई आणि गोळी. तसं नाही. त्याचे बरेच प्रकार आहेत.

काही अभ्यासांत फक्त प्रश्न विचारतात : काय काम केलं, कोणतं पाणी प्यायलं, कोणती फवारणी केली, घरात आणखी कोणाला आजार आहे का. काहींत एकदा रक्त घेतात आणि आनुवंशिकता तपासतात. काहींत व्यायाम, चालणं, बोलणं यांचा परिणाम पाहतात. काहींत नवं औषध देतात, त्यालाच ड्रग ट्रायल म्हणतात. मरणानंतर मेंदू दान करणं हाही एक प्रकार आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे.

जोखीम प्रत्येकात वेगळी. प्रश्नोत्तरांत जवळपास नाही, नव्या औषधात जास्त. म्हणून पहिला प्रश्न हाच : "हा अभ्यास कोणत्या प्रकारचा आहे?"

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. संशोधनाला निरोगी माणसंही लागतात. तुलना करायची तर आजार नसलेला माणूस हवाच. रुग्णाची बायको, भाऊ, शेजारी हेसुद्धा भाग घेऊ शकतात.

शेतकऱ्यांच्या उत्तरांतून काय निघालं

अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांत १९९३ मध्ये शेतकऱ्यांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. शेतकरी, फवारणी करणारे आणि त्यांच्या घरच्या बाया मिळून जवळपास ८९ हजार लोकांनी त्यात नाव दिलं. त्यांना औषध दिलं नाही. फक्त विचारलं : काय फवारता, किती दिवस फवारता, हातमोजे घालता का?

त्यातल्याच लोकांमधून पुढे कंपवाताचे ११० रुग्ण आणि आजार नसलेले ३५८ जण घेऊन बारकाईने तुलना केली. २०११ मध्ये निकाल आला. पॅराक्वाट हे तणनाशक किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांमध्ये कंपवाताची शक्यता न वापरलेल्यांच्या सुमारे अडीच पट दिसली. २०१५ मध्ये याच लोकांच्या माहितीतून आणखी एक गोष्ट पुढे आली : जे बहुतेक वेळा हातमोजे घालून काम करायचे, त्यांच्यात पॅराक्वाटचा हा संबंध दिसला नाही.

यावरून पॅराक्वाटमुळेच आजार होतो असं ठामपणे म्हणता येत नाही. सगळ्या अभ्यासांचा निकाल सारखा आलेला नाही, वाद चालू आहे. युरोपीय संघात हे औषध २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे कृषी केंद्रात ते मिळत आलं आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्याने फवारणीतल्या विषबाधेचे मृत्यू पाहिले, ते कोणी विसरलेलं नाही. ती लगेच होणारी विषबाधा होती. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात जाणाऱ्या औषधाचं काय, हे कळायचं तर शेतकऱ्यालाच विचारावं लागेल. उघड्या हाताने औषध कोणी कालवलं, हे प्रयोगशाळेला माहीत नसतं.

साधी गोळी का देतात? चिठ्ठी का टाकतात?

माहितीपत्रकात एक ओळ वाचून मुलगा सगळ्यात जास्त चिडला. लिहिलं होतं की अर्ध्या रुग्णांना नवं औषध मिळेल, अर्ध्यांना 'प्लासिबो'. म्हणजे दिसायला तशीच गोळी, पण आत औषध नाही. "म्हणजे बाबाले फसवतील?" त्याचा सवाल.

हे शेतातल्या उदाहरणाने लवकर कळतं. नवं खत चांगलं की नाही हे पाहायचं तर अख्ख्या वावरात टाकून चालत नाही. काही तासांत टाकायचं, काही तासांत नाही. मगच कळतं की पीक खतानं वाढलं का त्या वर्षीच्या पावसानं. कोणत्या तासात टाकायचं हेही आपल्या मनानं ठरवलं तर आपण चांगली जमीनच निवडू. म्हणून चिठ्ठी टाकायची.

माणसांमध्ये तर आणखी एक अडचण आहे. गोळी घेतली या विश्वासानेच बरं वाटतं. कंपवातात हे फार दिसतं. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं की औषध मिळालं या नुसत्या आशेनेही कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामिन सुटतं. त्यामुळे कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही सांगत नाहीत आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नसतं. काही तातडीचं झालं तर मात्र ते उघडून पाहण्याची सोय असते.

ही फसवणूक नाही, कारण ती आधी लिहून सांगितलेली असते. फक्त एक गोष्ट नक्की विचारा : "आमच्या आधीच्या गोळ्या चालू राहतील का?" बऱ्याच अभ्यासांत नवं औषध जुन्या गोळ्यांच्या जोडीला देतात. काही तपासण्यांना मात्र सकाळची गोळी न घेता बोलावतात, कारण गोळीविना आजार किती आहे ते पाहायचं असतं. ते दोन-चार तास रुग्णाला जड जातात. सोबत माणूस लागतो. आणि लक्षात ठेवा, कंपवाताच्या गोळ्या आपल्या मनानं एकदम बंद करणं धोक्याचं आहे. डॉक्टर सांगतील तेव्हाच आणि तेवढाच वेळ.

कायदा काय म्हणतो

पूर्वी गोरगरिबांना नीट न सांगता औषधांच्या चाचण्यांत घेतल्याच्या तक्रारी झाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ मध्ये नियम कडक झाले. आता 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९' लागू आहेत. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा :

१) संमती लेखी हवी, आणि माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत हवी. इंग्रजी कागदावर सही मागितली तर मराठी प्रत मागा.

२) ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी पूर्ण माहिती सांगताना एक त्रयस्थ साक्षीदार हजर पाहिजे आणि त्याची सही पाहिजे. काही चाचण्यांत, म्हणजे अगदी नवीन औषध असेल आणि रुग्ण दुर्बल गटातला असेल तर, या बोलण्याचं चित्रीकरणही करावं लागतं.

३) सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत रुग्णाला द्यावीच लागते. सातबाऱ्यासारखी ती जपून ठेवा.

४) कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं. बाहेर पडलं म्हणून नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.

५) अभ्यासादरम्यान इजा झाली तर उपचार मोफत. इजा अभ्यासामुळे झाली असेल तर भरपाई. मृत्यू झाल्यास भरपाई ठरवण्याचं सूत्र नियमातच दिलं आहे. त्यात ८ लाख रुपये ही मूळ रक्कम धरून वय आणि आजाराची तीव्रता यांनुसार कमी-जास्त होते. आदेश निघाल्यावर ३० दिवसांत रक्कम द्यावी लागते.

६) गंभीर काही घडलं तर डॉक्टरांनी २४ तासांच्या आत ते कळवायचं असतं : केंद्रीय औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि नैतिकता समितीला.

संमतीपत्रात रुग्णाचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात. ते पाहून घरचे दचकतात. पीककर्जाच्या फॉर्मवर वारस लावतो, तसाच हा प्रकार. भरपाईची वेळ आली तर ती कोणाला द्यायची हे त्यावरून ठरतं. म्हणून ती जागा कोरी सोडू नका.

नैतिकता समिती आणि नोंदणी क्रमांक

कोणताही अभ्यास सुरू करण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. या समितीत किमान ७ जण असतात. त्यात एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक, किमान एक महिला असावी लागते. निम्मे सदस्य त्या संस्थेच्या बाहेरचे हवेत. या समितीचा फोन नंबर माहितीपत्रकावर असतो. शंका किंवा तक्रार असेल तर थेट तिथे फोन करता येतो, डॉक्टरांना विचारायची गरज नाही.

दुसरी खूण म्हणजे नोंदणी क्रमांक. भारतातल्या औषध चाचण्यांची नोंद आयसीएमआरच्या 'सीटीआरआय' या सरकारी संकेतस्थळावर होते. ते २००७ पासून सुरू आहे आणि २००९ पासून औषध चाचण्यांना नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो, पुढे वर्ष, महिना आणि आकडा. घरातल्या पोरापोरींना मोबाइलवर तो टाकून पाहायला सांगा. कोणतं औषध, कोणते दवाखाने, किती रुग्ण, कोण पैसे लावतंय, सगळं दिसतं. औषधाच्या चाचणीला असा क्रमांकच नसेल तर तिथून उठा.

पैसे मागितले तर समजा काहीतरी चुकतंय

संशोधनातलं औषध, त्यासाठीच्या तपासण्या यांचा खर्च रुग्णाने द्यायचा नसतो. उलट येण्या-जाण्याचं भाडं बहुतेक ठिकाणी मिळतं. ते किती, रोख की खात्यात, सोबत्याचंही मिळतं का, हे आधी विचारा.

काही ठिकाणी 'स्टेम सेल थेरपी'च्या नावाखाली लाखो रुपये मागतात आणि कंपवात बरा करतो म्हणतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कंपवातासाठी हा मान्य उपचार नाही. तो फक्त मंजुरी घेतलेल्या अभ्यासातच करता येतो, आणि अभ्यासात रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. वावर गहाण ठेवण्याआधी एवढं वाक्य लक्षात ठेवा.

सुनेने कागदावर लिहिलेले प्रश्न

त्या घरी दोन दिवस माहितीपत्रक वाचलं गेलं. सुनेने वहीच्या पानावर प्रश्न लिहिले. पुढच्या खेपेला ते डॉक्टरांना विचारले. कोणालाही कामी येतील असे आहेत :

- हे औषध आधी किती माणसांना दिलं आहे? त्यांना काय त्रास झाला?
- किती महिने चालेल, किती वेळा यावं लागेल, दर वेळी किती तास?
- आधीच्या गोळ्या चालू राहतील का?
- रात्री-बेरात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? गावाजवळच्या दवाखान्यात नेलं तर तो खर्च कोण देणार?
- अभ्यास संपल्यावर औषध लागू पडलं असेल तर ते पुढे मिळेल का, आणि किती दिवस?
- रक्त आणि माहिती कुठे जाईल, नाव गुप्त राहील का?
- निकाल आम्हाला सांगाल का?

डॉक्टरांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. काहींचं उत्तर "अजून माहीत नाही" असं होतं. तेही त्यांनी सरळ सांगितलं. सुनेच्या मते त्यामुळेच घरच्यांचा विश्वास बसला.

एक गोष्ट मात्र गैरसमजात राहू नये. औषधाचा अभ्यास हा उपचार नसतो. नवं औषध लागू पडेलच असं नाही. नाहीतर अभ्यासाची गरजच काय? भाग घेणाऱ्याला स्वतःला काही फायदा होईल किंवा होणारही नाही. फायदा पुढच्यांचा असतो.

शेवटी काय ठरलं

वर्षभर दर महिन्याला नागपूर, आणि दर खेपेला मुलाचा एक दिवस मोडणार. त्यातले चार महिने फवारणी आणि वेचणीचे. बाबांनी स्वतःच ठरवलं, औषधाच्या अभ्यासात जायचं नाही. डॉक्टर म्हणाले, "हरकत नाही." गोळ्या त्याच चालू राहिल्या, तपासणी तशीच चालू राहिली, कोणी तोंड वाकडं केलं नाही.

पण त्याच दवाखान्यात दुसरा एक अभ्यास सुरू होता. एकदाच रक्त द्यायचं आणि आयुष्यभराच्या कामाची माहिती सांगायची. त्याला बाबा हो म्हणाले. आईनेही निरोगी म्हणून रक्त दिलं, कारण तीही त्याच वावरात राबलेली.

एका मुलीने समोर बसून प्रश्न विचारले. कोणत्या वर्षी कोणतं औषध फवारलं? डब्यात काडीनं ढवळायचे की हातानं? पंप पाठीवर गळायचा का? फवारून आल्यावर आंघोळ करायचे की आधी जेवायचे? बाबांना सगळं आठवत होतं : कोणत्या साली बोंडअळी आली, कोणत्या डब्यावर कोणत्या रंगाचा त्रिकोण होता. तास सव्वा तास ते बोलत राहिले. हात थरथरत होता, म्हणून उत्तरं ती मुलगी लिहून घेत होती.

घरी येताना बसमध्ये ते आईला म्हणाले, "तीस वर्षं फवारलं. आजवर हे कोणी विचारलंच नव्हतं."

मुलगा आता फवारायला जाताना हातमोजे नेतो. ते न नेता निघाला तर बाबा ओट्यावरून हाक मारतात.